पोरांच्या मोबाईलवर नजर ठेवायची, पण कुठवर?

हल्ली जळगावात दोन आया भेटल्या की, मग ते हळदीकुंकू असो नाहीतर शाळेच्या गेटवर रिक्षाची वाट बघणं असो, विषय फिरून फिरून एकाच जागेवर येतो, तुम्ही मुलांच्या मोबाईलमध्ये काय टाकलंय? कोणी सांगतं आमच्याकडे लोकेशन कायम चालू असतं, कोणी सांगतं आम्ही घरातच कॅमेरे लावून घेतले, हॉलमध्ये आणि अभ्यासाच्या खोलीत पण, आणि कोणी बाजूला घेऊन हळूच विचारतं की ताई, तिचे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज माझ्या फोनवर दिसतील असं काही असतं का, पण तिला कळायला नको. हा शेवटचा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की शेवटी ठरवलं नीट बसून लिहूनच काढावं. मी घरी आठवी ते दहावीचे क्लास घेते, त्यामुळे माझी दोन आणि क्लासची बरीच मुलं रोज डोळ्यासमोर असतात, आणि त्यांचे आईवडील फी द्यायला आले की टेकतात, चहा होतो, मनातलं बोलतात. दोन्हीकडचं थोडंथोडं ऐकायला मिळतं.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे गोंधळ नको. नजर ठेवा, ठेवायलाच पाहिजे, पण मुलाला सांगून ठेवा आणि वय वाढेल तशी सैल करा. आणि त्याच्याही आधी मुलाला पक्की खात्री द्या की काहीही झालं आणि तू येऊन सांगितलं तर तुझा फोन जाणार नाही, तुझी शाळा बंद होणार नाही, तुला मार बसणार नाही. ही खात्री ज्या घरात नाही त्या घरात कितीही ॲप टाका, वेळ आली की काही कामाला येत नाही.

आमच्या घरचं सांगते. मोठी नववीत आहे आणि धाकटा पाचवीत. दोघांच्या फोनला गूगलचं फॅमिली लिंक आहे, धाकट्याचा फोन म्हणजे खरं तर ह्यांचा जुना फोन, घरातल्या वायफायवरच चालतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, हे ॲप फुकट आहे, त्यात रोज किती वेळ फोन चालेल ते ठरवता येतं, रात्री किती वाजता बंद होईल ते ठरवता येतं, नवीन ॲप घ्यायचं तर आपल्या फोनवर परवानगीचा मेसेज येतो, आणि फोन कुठे आहे ते नकाशावर दिसतं. आयफोनवाल्यांकडे असंच स्क्रीन टाइम म्हणून आहे, ते २०१८ पासून फोनमध्येच येतं. आता यात काय दिसत नाही ते पण ऐका, कारण बऱ्याच पालकांचा इथेच हिरमोड होतो. चॅट दिसत नाहीत. कोण काय बोललं ते ऐकू येत नाही. आणि मुलाला स्पष्ट दिसतं की आपला फोन आईवडिलांच्या देखरेखीखाली आहे, लपवाछपवी नाही. मला तेच बरं वाटतं. टाकलं त्या दिवशी दोघांना समोर बसवून दाखवलं होतं की मला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, मोठीने दहा प्रश्न विचारले, धाकट्याला फक्त गेमचा वेळ किती तेवढंच पाहिजे होतं.

पण हिरमोड झालेले पालक तिथे थांबत नाहीत ना. ते मग दुसऱ्या प्रकारच्या ॲपकडे जातात, जे फोनमध्ये लपून बसतं, आयकॉन दिसत नाही, आणि मेसेज, फोटो, कॉल सगळं दुसऱ्या फोनवर पाठवत राहतं. माझ्या क्लासच्या एका मुलीच्या वडिलांनी मोबाईल रिपेरिंगच्या दुकानातून असं टाकून आणलं होतं आणि मला अभिमानाने दाखवलं. मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. गूगलने २०२० मध्येच नियम केला की गुपचूप पाळत ठेवणारं ॲप प्ले स्टोअरवर चालणार नाही, पालकांसाठी असेल तरी मुलाला सतत नोटिफिकेशन दिसलं पाहिजे. म्हणून ही लपणारी ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून, एपीके म्हणजे ॲपची सुटी फाईल आणून टाकावी लागतात आणि टाकताना फोनचं स्वतःचं संरक्षण बंद करावं लागतं. म्हणजे मुलीच्या रक्षणासाठी आधी तिच्या फोनचं दार उघडं करायचं. आणि मग तिचे फोटो, तिचं बोलणं, तिचं येणं जाणं हे सगळं जातं कुठे? कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर. एमस्पाय नावाची या धंद्यातली एक नावाजलेली कंपनी आहे, तिचा डेटा २०१५ ला फुटला, २०१८ ला फुटला आणि २०२४ ला पुन्हा फुटला. नावाजलेल्या कंपनीची ही गत तर दुकानातून पेन ड्राइव्हवर आलेल्या ॲपचं काय सांगावं. त्यात आपल्याकडे मुलीच्या हातातला फोन बऱ्याचदा आईचाच असतो, त्यावर बँकेचे ओटीपी येतात, आधारचे येतात, ते पण सगळे तिकडेच जाणार. त्या वडिलांनी ऐकलं आणि काढून टाकलं, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे.

पालक असे का वागतात ते मला समजतं. भीती खोटी नाहीये. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत जे झालं त्यानंतर कितीतरी रात्री झोप लागली नव्हती, सगळ्या आयांची तीच गत होती, मग सरकारने सगळ्या शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले, आमच्या ग्रुपवर तर स्कूल बसला जीपीएस आहे का, व्हॅनवाले काका कोण, त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालं का, हेच आठवडाभर चालू होतं. आणि ते बरोबरच होतं. शाळेत, बसमध्ये, जिथे मूल दुसऱ्याच्या ताब्यात आहे तिथे कॅमेरा आणि जीपीएस पाहिजेच, कारण तिथे नजर मुलावर नसते, मुलाला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांवर असते. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो आणि बोलताना तो कोणी करत नाही.

घरातला कॅमेरा मात्र वेगळा. अभ्यासाच्या खोलीत कॅमेरा लावून ऑफिसातून पोरीला माईकवर ओरडायचं, पाठ सरळ कर, फोन ठेव, हे मी स्वतः एका घरी पाहिलंय. चौदा वर्षांची मुलगी, तिला कपडे बदलायला सुद्धा बाथरूममध्ये जावं लागतं, कारण खोलीत कॅमेरा. मला ते पाहून फार वाईट वाटलं, आणि तिच्या आईला मी ते सांगितलं पण.

आता आपल्या भागाचं एक वेगळंच आहे, ते पुण्यामुंबईच्या पॅरेंटिंगच्या व्हिडिओत कधी येत नाही. ते सांगतात मुलांना मैदानावर पाठवा, स्क्रीन कमी होईल. अहो, एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, मुलाला कुठल्या मैदानावर पाठवू? सुट्टीतली ती लांबलचक दुपार, कूलरचा आवाज, सगळे आडवे झालेले, आणि मुलाच्या हातात फोन. यावर माझ्याकडे काही जादू नाही. आम्ही पहाटेचा आणि रात्रीचा वेळ बाहेरचा ठेवतो, सकाळी साडेपाचला मेहरूण तलावावर चालायला, सायकल, रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर, आणि दुपारी दोन तास फोन मिळणार हे मान्य करून टाकलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको आणि एक वर्षाच्या आतल्याला अजिबात नको, ते लहानग्यांच्या बाबतीत मी अगदी काटेकोर पाळावं असं म्हणेन, घास भरवायला फोन लावायचा नाहीच. पण दहा वर्षांच्या मुलाला मे महिन्याच्या दुपारी किती तास हे घरोघरीचं गणित आहे.

आणि गावाकडच्या मुलींचं तर अजूनच वेगळं. माझ्या माहेरी, चोपडा तालुक्यात, मुली एसटीच्या फुकट पासवर तालुक्याच्या शाळेत येतात, शाळा सुटते पाचला आणि गाडी कधी साडेपाचला तर कधी सातला. अशा मुलीकडे फोन असणं ही चैन नाही, गरज आहे. तिथे मला सगळ्यात कामाची वाटते ती व्हॉट्सअ‍ॅपची लाइव्ह लोकेशन. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास, तिने स्वतः निवडायचं, स्वतः पाठवायचं, वेळ संपली की आपोआप बंद. मुलगी ते आपल्याला देते, आपण तिच्याकडून ओरबाडून घेत नाही. नवरा रात्री उशिरा शिरपूरहून गाडी चालवत येतो तेव्हा तो पण मला तेच पाठवतो आणि मी लेकीला घेऊन कुठे गेले तर त्याला पाठवते, म्हणजे ही फक्त मुलांवरची गोष्ट राहत नाही, घरातल्या सगळ्यांची सवय होते.

पण नकाशावर लोकेशनचा जो ठिपका दिसतो त्यावर किती विश्वास ठेवायचा? यावर जरा सविस्तर लिहिते, कारण एका मुलीला त्यापायी मार बसलाय. माझ्याच क्लासमध्ये बसलेली पोर, समोर भूमिती चालू, आणि तिचा भाऊ दारात येऊन उभा, लोकेशन तलावाकडे दाखवतंय, ही कुठे गेली होती? मी सांगितलं की ती दीड तासापासून इथेच आहे, तरी घरी गेल्यावर तिला बोलणी आणि दोन थपडा बसल्याच. तर झालं असं असतं की फोनला जागा कळते ती उपग्रहाकडून, पण त्यासाठी आकाश मोकळं लागतं. सिमेंटच्या घरात, तळमजल्यावर सिग्नल नीट पोचत नाही, मग फोन आजूबाजूच्या वायफायवरून आणि मोबाईल टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि टॉवरवरचा अंदाज शेकडो मीटर चुकू शकतो, गावाकडे टॉवर लांब लांब असतात तिथे त्याहूनही जास्त. गूगल मॅपमध्ये त्या निळ्या ठिपक्याभोवती एक फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, त्याचा अर्थच तो आहे, की मी या वर्तुळात कुठेतरी आहे, नेमका कुठे ते सांगता येत नाही. वर्तुळ मोठं म्हणजे खात्री कमी. आणि फोनची बॅटरी उतरली किंवा नेट गेलं तर ठिपका जुन्याच जागी बसून राहतो. हे एवढं प्रत्येक बापाला आणि भावाला माहिती पाहिजे, हात उचलायच्या आधी. मी तर म्हणते हात उचलायचाच नाही, पण निदान ठिपका म्हणजे पुरावा नाही हे तरी कळू दे.

भावाचा विषय निघालाच आहे तर बोलूनच घेते. त्या भावाचं वय सोळा. त्याच्याकडे विना लायसनची गाडी आणि स्वतःचा फोन, त्याच्या फोनवर कोणाचीच नजर नाही. आपल्याकडे नजर ठेवायची म्हणजे पोरीवर ठेवायची, हे इतकं गृहीत आहे की कोणाला खटकत पण नाही. माझ्या सासूबाई सुद्धा म्हणतात, जमाना खराब शे माय, पोरले फोन देऊ नको. पोरले म्हणजे मुलीला, नातवाबद्दल त्या असं कधी म्हणत नाहीत, आणि त्यांचा जीव दोघांवर सारखाच आहे हे मला माहितीये, फक्त लहानपणापासून हेच पाहिलंय. पूर्वी हे काम गल्ली करायची. कुठली मुलगी स्टँडवर कोणाशी बोलली ते ती घरी पोचायच्या आधी घरी पोचलेलं असायचं. आता तीच गल्ली फोनमध्ये येऊन बसलीये. आणि मुलीच्या फोनमध्ये काही सापडलं, साधा एखाद्या मुलाचा मेसेज सुद्धा, तर पुढचं काय होतं ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. फोन बंद, मग क्लास बंद, मग कॉलेज नको, मग मामा एक स्थळ घेऊन येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पाचातल्या एकीपेक्षा जास्त. त्यातल्या किती जणींची शाळा एका मेसेजवरून सुटली असेल याचा आकडा कुठे नाही, पण नववी-दहावीच्या मधे क्लासमधून अशा गायब झालेल्या मुली माझ्या डोळ्यासमोर आहेत.

मुलग्यांकडे बघायचं म्हटलं तर ते काय सुरक्षित आहेत का? अजिबात नाहीत. ऑनलाइन पैसे लावायच्या गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून बंदी आणली, त्याआधी आपल्याकडे किती पोरं त्यात बुडाली, कोणी बापाला केळी विकून आलेल्या पट्टीचे पैसे उडवले, कोणी मित्रांकडून उधार घेतले. आणि फोटोवरून धमकावून पैसे उकळायचा जो प्रकार आहे त्यात तर जगभरात मुलगेच जास्त सापडतात, चौदा ते सतराचे. अनोळखी मुलीच्या नावाने इन्स्टावर रिक्वेस्ट येते, दोन दिवस गोड बोलणं, मग व्हिडिओ कॉल, तिकडून रेकॉर्डिंग, आणि लगेच मेसेज की इतके पैसे टाक नाहीतर तुझ्या सगळ्या कॉन्टॅक्टना पाठवते. समोर मुलगी नसतेच, टोळी असते.

असं एक प्रकरण माझ्यापर्यंत आलं होतं. मुलगा कुठला, कितवीतला हे काही लिहिणार नाही. हुशार, शांत, एकदम गणितात मागे पडायला लागला, डोळे सुजलेले असायचे. मी सगळे गेल्यावर थांबवून विचारलं तर आधी काहीच बोलला नाही, दुसऱ्या वेळी थांबवलं तेव्हा रडतच सगळं सांगितलं. आईच्या फोनवरून यूपीआयने दोनदा पैसे पण पाठवून झाले होते. मी विचारलं घरी का नाही सांगितलं रे बाळा, तर म्हणतो पप्पा मोबाईल फोडतील आणि मला मामाच्या गावी शेतात पाठवतील, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. त्याच्या घरी कडक शिस्त, फोन रोज रात्री तपासला जायचा, आणि तरी हे झालं, कारण तो रोज रात्री चॅट डिलीट करून मगच फोन द्यायचा. तपासणी चालू होती आणि पोरगं एकटं मरत होतं. या एका गोष्टीने माझं मत जे पक्कं झालं ते झालं.

पुढे काय केलं ते लिहिते, कारण हे सगळ्यांना माहिती असायला हवं. त्याच्या आईला आधी बोलावलं, मग दोघींनी मिळून वडिलांना. ते भडकले, दहा मिनिटांनी गप्प झाले, आणि मग त्यांनीच पोराला जवळ घेतलं. पैसे आणखी पाठवायचे नाहीत, कारण दिले की मागणी वाढते. काही डिलीट करायचं नाही, चॅट, नंबर, यूपीआय आयडी, प्रोफाइलची लिंक सगळ्याचे स्क्रीनशॉट काढायचे, मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करायचा, हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी समोरच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकायची, तिथे बायकामुलांच्या अशा फोटोव्हिडिओबद्दल नाव न सांगता तक्रार करायची पण सोय आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागतो, मुलगा असो की मुलगी, आणि त्या कायद्यात मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, पेपरात नाव येईल ही भीती नको. टेक इट डाऊन नावाची एक फुकट सोय आहे, अमेरिकेतली बेपत्ता मुलांसाठी काम करणारी संस्था चालवते, त्यात फोटो कुठे पाठवावा लागत नाही, तुमच्या फोनवरच त्या फोटोचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि तेवढाच कंपन्यांना जातो, मग इन्स्टा, फेसबुक वगैरेवर तो फोटो कोणी चढवला तर ओळखून काढता येतो. आणि मूल कोणाशीच बोलू शकत नसेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन, चोवीस तास. त्या मुलाचा फोटो बाहेर आला नाही, आणि तो आता बरा आहे.

त्याच्या घरी आता तपासणी बंद आहे आणि तो आईशी बोलतो. मी विचारलं होतं.

कायदा काय म्हणतो हे पण एकाने विचारलं होतं म्हणून थोडक्यात. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की अठराच्या आतल्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीला आईवडिलांची खात्रीशीर संमती लागेल, आणि मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं हे कंपन्यांना करता येणार नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात शाळेच्या बसचं लोकेशन वगैरे सुरक्षेच्या गोष्टींना सूट आहे. पण हे सगळं कंपन्यांसाठी. आईबापाने घरात काय करावं ते कायदा सांगत नाही, तिथे आपण आणि आपलं शहाणपण. म्हणूनच जास्त विचार करून वागावं लागतं ना, कारण तिथे मुलाच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं.

आणि एक, मुलांचा खासगीपणा सगळ्यात जास्त आपणच उधळतो. शाळेच्या ड्रेसमधला फोटो, त्यावर शाळेचं नाव, स्टेटसला वाढदिवसाची तारीख, चौकात पाच वर्षांच्या पोराचा बॅनर नाव आणि गल्लीसकट. एखाद्याला मुलाला फूस लावायची असेल तर त्याला आणखी काय पाहिजे? आम्ही घरात ठरवलंय, मुलांना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो टाकायचा नाही, मोठी नाही म्हणाली तर नाही.

या सगळ्यात मला राहून राहून साने गुरुजी आठवतात. आपल्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० ते शिक्षक होते आणि मुलांचं वसतिगृह त्यांच्याकडे होतं. खेड्यापाड्यातली, पहिल्यांदा घर सोडलेली मुलं. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे, भांडी घासायचे, आणि मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढायचे. एवढी मुलं सांभाळायची म्हणजे नजर तर ठेवावी लागतच असणार, पण ती नजर त्या कामातून होती, मुलांच्या मधे राहून. मुलाची खोली झाडणाऱ्याला आपोआप कळतं की पोरगं काल जेवलं का, रात्री रडलं का. मला रोज इतकं जमत नाही, कोणालाच जमणार नाही, पण दिवसात अर्धा तास फोन बाजूला ठेवून मुलीच्या खोलीत नुसतं बसणं जमतं. ती ओळख करून देते तिच्या मैत्रिणींची, कोणाचं कोणाशी भांडण झालं, इन्स्टावर काय चाललंय, कोणता मुलगा सगळ्यांना रिक्वेस्ट पाठवून राहिला. मी मेसेज वाचले असते तर मला शब्द कळले असते, हे सगळं कळलं नसतं.

सैल करण्याबद्दल सांगायचं राहिलं. आपल्याकडची मुलं दहावी झाली की नाशिक, पुणे, लातूर, कोटा असं कुठे कुठे जातात क्लाससाठी, सोळाव्या वर्षी एकटी खोली, हातात फोन, स्वतःचं यूपीआय. ज्याने घरी दहावीपर्यंत एक ॲप स्वतःहून निवडलं नाही, एक रात्र स्वतःहून फोन बाजूला ठेवला नाही, ते पोर तिथे एकदम कसं निवडणार? म्हणून आमचं असं चाललंय की धाकट्याला सगळं बंधन आहे, वेळ, ॲप, सगळं. मोठीला आठवीत रात्री दहाला फोन बंद व्हायचा, नववीत ते बंधन काढलं, तिने स्वतः ठेवायचा, कधी ठेवते कधी नाही, नाही ठेवला तर सकाळी बोलतो. नवीन ॲप अजून विचारून. इन्स्टाला अठराच्या आतल्यांसाठी टीन अकाउंट असतं, अनोळखी माणसाचा मेसेज येत नाही आणि सोळाच्या आत असेल तर ते सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते, ते तसंच आहे. दहावीची परीक्षा झाली की फॅमिली लिंकचं लोकेशन बंद करायचं असं तिने मागितलंय आणि आम्ही हो म्हटलंय. ह्यांना ते जड जातंय, मला पण जातं, पण हो म्हटलंय.

आता आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती पहिल्यांदा एसटीने एकटी आजोळी जाणार आहे, जळगाव ते चोपडा, सोबत फक्त मावसबहीण, ती पण तिच्याच वयाची. चार दिवस घरात हीच चर्चा चालू आहे. ह्यांचं म्हणणं मी गाडीने सोडतो, सासूबाईंचं म्हणणं एकटी कशाला जाते, आणि तिचं म्हणणं मी जाणार. शेवटी असं ठरलंय की स्टँडवर बसली की लाइव्ह लोकेशन पाठवायची, आठ तासांची लावायची आणि पोचली की तिनेच बंद करायची, मधे रेंज गेली तर आम्ही घाबरून दहा फोन करायचे नाहीत, कंडक्टरला त्रास द्यायचा नाही, आणि चोपड्याला तिचे आजोबा, नाना, आधीच स्टँडवर उभे असतील, त्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांचा नंबर दोघींना पाठ करायला लावलाय. १९३०, १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ पण पाठ आहेत. एवढी तयारी करून पाठवतोय.